पडून असलेल्या पेशंटला सांभाळताना

पडून असलेल्या पेशंटच्या खोलीत गेले की मी आधी त्याची पाठ बघते. फाइल नंतर, बीपी नंतर. माकडहाड, दोन्ही खुबे, टाचा, घोटे, कोपरं, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू, कानाच्या पाळ्या: जिथे हाड कातडीच्या लगेच खाली आहे तिथे नजर फिरवते आणि हातही फिरवते. आधी वॉर्डात स्टाफ नर्स म्हणून आणि पुढे घरोघरी जाऊन पेशंट बघताना ही सवय पक्की झाली. कुणाला अर्धांगाचा झटका आलेला असतो, कुणाच्या मणक्याला मार बसलेला असतो, कुणाच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं असतं. आजार वेगवेगळे, पण पडून राहिल्याने जे बिघडतं ते सगळ्यांचं सारखंच. कातडीला जखमा होतात, सांधे आखडतात, छातीत कफ साठतो, पोट साफ होत नाही, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते. यातलं बरंचसं घरच्या माणसाला टाळता येतं, म्हणून हे सगळं लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पेशंटला जेवढं करता येतं तेवढं त्याच्याकडूनच करून घ्या. "तुम्ही पडून राहा, मी करते" हे वाक्य मायेपोटी येतं, पण वापरात नसलेला स्नायू फार लवकर खंगतो आणि म्हाताऱ्या माणसात तो परत येणं अवघड असतं. म्हणून प्रत्येक कामात पेशंटचा वाटा शोधायचा. एखाद्याला गुडघा दुमडून पाय रेटता येतो. एखाद्याला कठडा धरता येतो. अंग पुसताना तोंड आणि चांगल्या हाताने छाती तो स्वतः पुसू शकतो. मानेखाली काहीच हलत नसलेल्या एका काकांचा वाटा एवढाच होता की वळवताना 'एक, दोन, तीन' ते म्हणायचे आणि आम्ही त्यांच्या 'तीन'वर वळवायचो. त्यांना न सांगता कुणी हात लावला तर ते दिवसभर गप्प असत, आणि ते बरोबरच होतं. शुद्धीत नसलेल्या पेशंटलाही आधी सांगा: आता डाव्या कुशीवर वळवते आहे, माझा हात गार आहे.

कूस बदलणं

दर २ तासांनी कूस बदलायची, हा नियम बहुतेकांनी ऐकलेला असतो. सुरुवात तिथूनच करा, पण शेवटचा निर्णय कातडीचा. वळवल्यावर खालच्या भागावर लाली दिसली आणि ती अर्ध्या तासात गेली नाही, तर २ तासही जास्त होतात. वेळ कमी करा. चांगली एअर मॅट्रेस (हवा भरलेली गादी) असेल आणि कातडी निरोगी असेल तर डॉक्टरांना किंवा नर्सला विचारून रात्रीचं अंतर वाढवता येतं, म्हणजे पेशंटचीही झोप होते आणि तुमचीही. मात्र एअर मॅट्रेस आणली म्हणजे वळवायची गरज संपली, असं समजू नका. ती बरोबर फुगली आहे का हे पाहायला पेशंटच्या कमरेच्या जागी गादीखाली तळहात वर करून सरकवा. वरून हाड हाताला लागत असेल तर हवा कमी आहे. आणि तिच्यावर चादर, रबर शीट, दुलई, वर पुन्हा टॉवेल असे थर चढवले की मॅट्रेसचा उपयोगच राहत नाही. एक चादर आणि गरज असेल तर एक शोषून घेणारं पॅड, बस्स.

पलंगाजवळ भिंतीवर कागद लावा. वेळ आणि कूस, एवढंच लिहायचं: डावी, उताणी, उजवी. तीन माणसं आळीपाळीने बघत असली की प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने वळवलं असेल, आणि पेशंट पाच तास एकाच कुशीवर राहतो.

आता वळवायचं कसं ते. समजा डाव्या कुशीवर वळवायचं आहे. पलंग वर-खाली होत असेल तर तुमच्या कमरेच्या उंचीला आणा. आधी पेशंटला थोडं उजव्या कडेकडे सरकवा, नाहीतर वळल्यावर तो डाव्या कडेवर येतो आणि घाबरतो. मग त्याच्या डाव्या बाजूला उभं राहा, कारण वळवताना तो तुमच्याकडे यायला हवा, तुमच्यापासून लांब जायला नको. त्याचा डावा हात अंगापासून जरा दूर ठेवा, उजवा हात छातीवर घ्या, उजवा गुडघा दुमडून तळवा गादीवर टेकवा, तोंड डावीकडे करायला सांगा. मान वळली की अंग निम्मं वळतं. तुमचा एक हात त्याच्या उजव्या खांद्यामागे, दुसरा उजव्या खुब्यामागे. तीन म्हटलं की तो पायाने रेटेल, तुम्ही फक्त दिशा द्यायची. नीट जमलं तर जोर फारसा लागत नाही. लागत असेल तर गुडघा पुरता दुमडलेला नाही किंवा दुसऱ्या माणसाची गरज आहे.

पूर्ण आडव्या कुशीवर मात्र ठेवू नका. तसं केलं की सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो आणि तिथली कातडी पातळ असते. पाठीमागे उशी लावून साधारण ३० अंशांत कलतं ठेवा, म्हणजे भार कुल्ल्याच्या मांसल भागावर पडतो; माकडहाडही मोकळं आणि खुबाही मोकळा. हात घालून खात्री करा. खालचा खांदा थोडा पुढे ओढून घ्या, तो अंगाखाली दबला की दुखतो. दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी ठेवा आणि ती घोट्यापर्यंत पोचू द्या. मग एकदा सगळीकडे नजर: कान दुमडला नाही ना, कॅथेटरची (लघवीसाठी घातलेली) नळी मांडीखाली आली नाही ना, चादरीला चुणी नाही ना, अंगाखाली बटण, चष्मा, औषधाच्या बाटलीचं झाकण राहिलं नाही ना. झाकणाचा गोल ठसा उमटलेली पाठ मी पाहिली आहे. त्या पेशंटच्या कमरेखाली संवेदनाच नव्हती, त्यामुळे त्यांना ते कळणं शक्य नव्हतं.

टाचांकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. उताणं झोपवलं की पोटऱ्यांखाली लांबीच्या दिशेने उशी द्या, टाच अधांतरी राहिली पाहिजे. टाचेखालून कागद सहज सरकला तर बरोबर. नुसत्या गुडघ्याखाली कायमची उशी ठेवू नका, गुडघा तसाच वाकलेला आखडून जातो.

पेशंट खाली घसरला की त्याला काखेत हात घालून वर ओढायची सवय घराघरांत आहे. ती आजच सोडा. कातडी चादरीला चिकटून राहते आणि आतलं हाड सरकतं, त्यामुळे आतल्या बारीक रक्तवाहिन्या ताणून फाटतात. वरून काही दिसत नाही, आणि दोन-तीन दिवसांनी जांभळा डाग उमटतो. अर्धांगाच्या पेशंटचा तर दुबळा खांदा अशा ओढण्याने सांध्यातून उतरतो. त्याऐवजी खांद्यापासून मांड्यांपर्यंत पोचेल अशी आडवी चादर कायम अंगाखाली ठेवा. वॉर्डात तिला ड्रॉ शीट म्हणतात. दोघं दोन बाजूंना, चादरीच्या गुंडाळलेल्या कडा अंगालगत धरून, पेशंटला हनुवटी छातीकडे घ्यायला आणि पायाने रेटायला सांगून, एका ठेक्यात वर सरकवायचं. पलंगाचं डोकं खाली करून मग. मुळात घसरणंच कमी करायचं असेल तर जेवणाची वेळ सोडून उशाकडचा भाग ३० अंशांच्या वर उचलून ठेवू नका, आणि उचलताना आधी गुडघ्याकडचा भाग उचला, मग डोक्याकडचा. राइल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून पोटात घातलेल्या नळीतून, फीड (पातळ अन्न) चालू असेल तर मात्र डोकं किती वर हवं ते डॉक्टरांना विचारून ठरवा, तिथे फीड छातीत जाण्याचा धोका जास्त असतो.

लाली दिसली तर

त्या जागी बोट काही सेकंद दाबून उचला. जागा क्षणभर फिकी पडून परत लाल झाली तर रक्तपुरवठा चालू आहे. लाल ती लालच राहिली तर बेडसोरची, म्हणजे दाबाने होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी आलेली आहे. सावळ्या किंवा काळ्या कातडीवर लाली सहसा नीट दिसत नाही, म्हणून रंगावर विसंबू नका. शेजारच्या कातडीशी तुलना करा: ही जागा जास्त काळपट-जांभळी आहे का, हाताच्या उलट्या बाजूने गरम किंवा गार लागते का, दाबल्यावर टणक किंवा पिलपिलीत वाटते का, पेशंट तिथे दुखतं म्हणतो का. यातलं काहीही असलं तर ती जागा पूर्ववत होईपर्यंत तिच्यावर भार नाही. एवढ्यावर लक्ष दिलं तर पहिल्या पायरीवरून ती परत फिरते. फोड आला, साल निघाली, काळं पडलं, वास यायला लागला, तर घरगुती लेप लावत बसू नका. नर्सला किंवा डॉक्टरांना दाखवा.

लाल झालेली जागा चोळायची नाही. पूर्वी वॉर्डात स्पिरिट लावून पाठ चोळायची आणि वर पावडर मारायची पद्धत होती. स्पिरिटने कातडी कोरडी पडते, चोळण्याने आधीच दुखावलेलं मांस आणखी दुखावतं, आणि घामात पावडरच्या गुठळ्या होऊन त्याच टोचतात. मध्ये भोक असलेली गोल रिंगही नको. ती मधल्या जागेवरचा भार काढते, पण कडेने गोल आवळते आणि मधला रक्तपुरवठा तोडते. टाचेखाली पाणी भरलेले हातमोजे ठेवण्याचंही तेच, त्याने दाब हटत नाही.

कोणत्या पेशंटला धोका जास्त, हे ठरवायला नर्सेस ब्रेडन स्केल वापरतात. १९८७ सालापासून ते वापरात आहे. त्यात सहा गोष्टींना गुण देतात: दुखलेलं जाणवतं का, कातडी किती ओली राहते, माणूस कितपत उठतो-चालतो, अंथरुणात स्वतःहून किती हलतो, खाणं कसं आहे आणि अंग किती घासलं-सरकलं जातं. एकूण २३ पैकी १८ किंवा त्याहून कमी गुण आले की धोका आहे असं धरतात. घरी गुण मोजायची गरज नाही, पण या सहा गोष्टी ध्यानात ठेवा. खाणं त्यात आहे, हे लोक विसरतात. प्रथिनं कमी पडली की कितीही वळवा, कातडी टिकत नाही आणि झालेली जखम भरत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

ओलावा हा तितकाच मोठा शत्रू. डायपर भरण्याची वाट न बघता कूस बदलताना प्रत्येक वेळी तपासा. शी झाली असेल तर लगेच, कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने, बायकांच्या बाबतीत पुढून मागे. टिपून कोरडं करा, घासू नका. जांघेत आणि कुल्ल्यांच्या घडीत नीट बघा. मग झिंक ऑक्साइडचं मलम किंवा पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. पुढच्या वेळी तो थर पूर्ण खरवडून काढायचा नसतो, मळलेला वरचा भागच पुसायचा.

उठवून बसवणं

डॉक्टरांनी बसवायला परवानगी दिली असेल तर त्या दिवसापासून रोज बसवा. बसल्याने फुप्फुसं मोकळी होतात, आतडी चालतात, आणि छताऐवजी माणसाला माणसांचे चेहरे दिसतात.

आधी कुशीवर. मग दोन्ही पाय पलंगाच्या कडेखाली सोडायचे आणि त्याच वेळी पेशंटने खालच्या कोपराने आणि वरच्या तळहाताने गादी रेटत धड वर आणायचं. पाय खाली जाताना त्यांच्या वजनाने धड वर यायला मदत होते. तुमचा एक हात त्याच्या खांद्यामागे, दुसरा मांड्यांवर. त्याला तुमच्या गळ्यात हात टाकू देऊ नका. तो घसरला तर तुमची मान जाते. बसल्यावर तळवे जमिनीला टेकलेले हवेत. आता थांबा. बरेच दिवस पडून असलेल्या माणसाचं बीपी बसल्यावर एकदम खाली येतं. दोन मिनिटं तरी कडेवर बसू द्या, घोटे वर-खाली हलवायला सांगा, बोलत राहा. चेहरा पांढरा पडला, घाम सुटला, उत्तर अडखळलं, तर लगेच आडवं करा आणि पाय उंच घ्या.

खुर्चीत न्यायचं असेल तर खुर्ची पेशंटच्या बळकट बाजूला, पलंगाला तिरकी लावा. व्हीलचेअर असेल तर ब्रेक लावलेले आणि पायठेवणी बाजूला केलेली. पायात घट्ट बसणारी, न घसरणारी चप्पल किंवा बूट. नुसते मोजे नकोत. पेशंट कडेपर्यंत पुढे सरकतो, तळवे गुडघ्यांच्या थोडे मागे घेतो, आणि पुढे वाकतो, इतका की नाक पायाच्या बोटांच्या वर येईल. पुढे न वाकता उठायला लावलं तर तो मागेच पडणार. बहुतेक घरांत उठवणं जमत नाही ते इथेच अडल्याने. कमरेला रुंद पट्टा बांधून तो धरा, दंड किंवा पायजम्याची नाडी धरू नका. अर्धांग असेल तर दुबळ्या गुडघ्यासमोर तुमचा गुडघा ठेवा, म्हणजे तो दुमडणार नाही. उभं राहिल्यावर छोटी पावलं टाकत वळणं, मागे खुर्ची पायाला लागल्याची खात्री, मग चांगल्या हाताने खुर्चीचा दांडा धरून सावकाश बसणं. तुमची पाठ सरळ, पाय फाकवलेले, गुडघे वाकलेले, वळताना कंबर न पिळता पावलं वळवायची. एकट्याने उचलावं लागत असेल तर उचलूच नका. मदत येईपर्यंत थांबा किंवा लिफ्टर (पेशंटला उचलायचं यंत्र) भाड्याने आणा.

खुर्चीत बसलेल्या माणसालाही बेडसोर होतो, बैठकीच्या हाडांवर. हातांत जोर असेल तर त्याने स्वतः दर १५ ते ३० मिनिटांनी पुढे वाकून किंवा एका बाजूला कलून भार हलवायचा. जमत नसेल तर तासाभराच्या आत तुम्ही हलवा.

सांधे

सकाळ-संध्याकाळ प्रत्येक सांधा त्याच्या पूर्ण मर्यादेत ५ ते १० वेळा हलवायचा. बोटांपासून सुरुवात करा. मूठ वळून बसलेला हात उघडणं फार त्रासाचं होतं आणि तळहात आतून कुजतो. सांध्याच्या वर एक हात, खाली एक हात, सावकाश, दुखेल किंवा अडेल तिथे थांबायचं. अर्धांगाच्या पेशंटचा दुबळा हात खांद्याच्या रेषेच्या वर उचलायचा असेल तर आधी फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. पाऊल पुढे लोंबकळत राहिलं तर घोटा तसाच आखडतो आणि पुढे उभं राहायची वेळ आली तरी टाच टेकत नाही. म्हणून पाऊल काटकोनात राहील असा आधार द्या आणि जड पांघरुणाचा भार बोटांवर पडू देऊ नका. चांगल्या हाताने दुबळा हात धरून हलवायला पेशंटला शिकवलं तर तुमचं निम्मं काम तोच करतो.

खाणं, पिणं, पोट, लघवी

झोपवून भरवायचं नाही, पाण्याचा घोटही नाही. जमेल तितकं ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली, तुम्ही समोर बसा, उभं राहून भरवलं की तो मान वर करतो आणि घास श्वासनलिकेकडे जातो. एक घास गिळला गेला हे बघून दुसरा. दुबळ्या गालात घास साठून राहतो, शेवटी तोंडात बघा. पाणी पिताना ठसका लागतो, किंवा गिळल्यावर आवाज ओला, घरघरणारा येतो, तर गिळणं तपासून घ्यायला हवं. जेवणानंतर अर्धा तास बसतंच ठेवा. दात दिवसातून दोनदा घासा, कवळी रात्री काढून ठेवा. अस्वच्छ तोंडातले जंतू लाळेबरोबर छातीत उतरतात आणि न्यूमोनिया होतो.

सारखं डायपर बदलावं लागू नये म्हणून घरची माणसं पाणी कमी पाजतात. कधी पेशंट स्वतःच कमी पितो, संकोचाने. ते होऊ देऊ नका. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे बंधन नसेल तर दिवसभरात दीड ते दोन लिटर, थोडं थोडं. पोटासाठी न्याहारीनंतरची वेळ पकडा. तेव्हा आतडी आपोआप हालचाल करतात. शक्य असेल तर बेडपॅनऐवजी कमोडच्या खुर्चीवर, पायाखाली छोटं स्टूल, दार लावलेलं. बरेच दिवस पोट साफ नाही आणि अचानक पातळ गळायला लागलं, तर तो जुलाब समजून औषध देऊ नका. आत शीचा कडक खडा अडकून त्याच्या कडेने पाणी येत असतं. डॉक्टरांना कळवा.

कॅथेटर असेल तर पिशवी कायम ओटीपोटाच्या खाली, पण जमिनीला न टेकलेली. वळवताना ती पेशंटच्या पोटावर ठेवतात, तसं केलं की पिशवीतली लघवी उलटी आत जाते. पिशवी दोन-तृतीयांश भरली की रिकामी करा, आधी आणि नंतर हात धुवा, नळीचा जोड उगाच उघडू नका. म्हातारा माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागला किंवा गुंगीत गेला तर लघवीचा संसर्ग तपासा. ताप येईलच असं नाही.

थांबायचं नाही अशी लक्षणं

एकच पोटरी सुजली, गरम झाली, दुखायला लागली: गुठळी असू शकते. पाय चोळू नका, व्यायाम देऊ नका, त्याच दिवशी डॉक्टर. एकाएकी दम लागला, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त आलं: ताबडतोब हॉस्पिटल.

मणक्याची दुखापत छातीच्या सहाव्या मणक्याशी किंवा त्याच्या वर असेल, तर आणखी एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी. डोकं फुटेल असं दुखणं, चेहरा लाल, दुखापतीच्या वर घाम, आणि बीपी नेहमीपेक्षा एकदम चढलेलं. दुखापतीच्या खाली काहीतरी टोचतं आहे आणि शरीर त्याला बेफाम प्रतिसाद देतं आहे, असा त्याचा अर्थ. लगेच ताठ बसवा, पाय खाली सोडा, पट्टा-कपडे सैल करा, कॅथेटरची नळी पिळली किंवा तुंबली आहे का बघा. बहुतेक वेळा भरलेलं मूत्राशय किंवा तुंबलेलं पोट हेच कारण निघतं. हे करत असतानाच डॉक्टरांना फोन. बीपी असंच चढत राहिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

दुसऱ्यावर सोपवून जाताना

तुम्हालाही झोप हवी, बाहेर जायला हवं. पेशंट दुसऱ्याच्या हाती देताना पलंगाशी उभं राहून सांगा: शेवटची कूस किती वाजता आणि कोणती, कातडीवर कुठे लाली आहे, पाणी किती गेलं, शी कधी झाली, पिशवी कधी रिकामी केली, पुढचं औषध कधी. पलंग खाली केला का, बेल किंवा घंटी चांगल्या हाताशी आहे का, चष्मा आणि कानाचं यंत्र लावलं आहे का. हे बोलणं पेशंटसमोर करा, त्याला चूक दिसली तर तो सुधारेल. आणि तो स्वतः काय काय करतो ते आवर्जून सांगा: ब्रश तो धरतो, उजवा गुडघा तोच दुमडतो, कपाला आधार लागतो पण उचलतो तोच. नवीन माणसाला हे कळलं नाही तर तो मदतीच्या भरात सगळंच करून टाकेल, आणि पेशंटला ते परत मागून घ्यावं लागेल.